शेजारी ठेवलेलं पाणी

मी पावसाच्या पाण्याची टाकी बोलतेय. टाकी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे गच्चीवर मिरवणारी काळी, गोल बया येते. मी तशी नाही. मी घरामागच्या अंगणात गळ्यापर्यंत जमिनीत आहे. वर दिसतं ते फक्त झाकण.

मला घडवलं ताडपत्रीवाल्या काकूंनी. ट्रकच्या ताडपत्र्या शिवणं हा त्यांचा धंदा. नवरा ड्रायव्हर, आज इथे तर उद्या तिथे. घरात म्हातारे सासरे, त्यांना मुतखडा. गल्लीतल्या बोअरचं पाणी इतकं खारट, की डॉक्टरांनी ते तोंडातसुद्धा घालू नका म्हणून बजावलेलं. काकूंनी वर पत्र्याकडे पाहिलं, खाली अंगणाकडे पाहिलं आणि कुदळ उचलली.

"सूनबाई, मला आत्ताच पुरतेस की काय?" सासऱ्यांनी खाटेवरून विचारलं.

"छे हो मामंजी! तुमच्या तोंडाला एवढा खड्डा पुरायचा नाही."

खड्डा झाल्यावर त्यांनी तळहात फिरवून एकेक खडा, एकेक मुळी वेचली. वाळू पसरली, वर जुनी पोती अंथरली. मग आलं माझं अस्तर, पिण्याच्या पाण्यासाठीच बनवलेला जाड प्लास्टिकचा कागद. जन्मभर सुई चालवलेल्या बाईनं मला मात्र एक टाका घातला नाही. "सुई म्हणजे भोक," म्हणत सगळे सांधे गरम यंत्रानं दाबून चिकटवले.

पत्र्याला पन्हळ लागली, नळीच्या तोंडाशी जाळी बसली. पहिल्या सरींचं पाणी काकू बाहेर सोडून देत. छपरावरची धूळ आणि पाखरांची घाण माझ्या पोटात येऊ नये म्हणून. झाकण इतकं घट्ट, की डासालाही आत डोकावता येत नसे. मी भरले आणि सासऱ्यांनी पहिला पेला पिऊन मिशी पुसली. "याला चवच नाही," ते म्हणाले. जरा थांबून पुन्हा पेला पुढे केला. "हेच तर हवं होतं!"

एक विघ्न मात्र आलं. आमच्या पन्हळीतून शेजारच्या इस्त्रीवालीच्या भिंतीवर पाणी ठिबकायचं. "पाणी तुम्हाला आणि ओल आम्हाला!" तिनं भांडण काढलं. काकूही काही कमी नव्हत्या. अबोला जो धरला तो धरलाच.

पुढच्याच उन्हाळ्यात माझ्यातलं पाणी उपशाहून जास्त उतरू लागलं. काकू काठी घालून बघत, कपाळाला आठ्या घालत. खालून घुशीनं पोखरलं होतं आणि माझ्या अस्तराला दात लावले होते. मला कळत होतं, सांगता येत नव्हतं. दुरुस्ती करायची तर मला रिकामं करायला हवं. पाऊस अजून लांब. पाणी उपसलं तर ठेवायचं कुठे? नाही उपसलं तर तसंही मातीत जाणार.

काकू गल्लीत जाऊन उभ्या राहिल्या. "ज्याच्याकडे स्वच्छ भांडं असेल त्यानं भरून न्या. लागेल ते प्या. उरलं तर टाकी सांधल्यावर परत आणा."

पिंपं आली, हंडे आले, पातेली आली. इस्त्रीवालीही आली. हातात दोन बादल्या.

"गेलेलं पाणी माघारी येतं का कधी?" सासरे पुटपुटले.

मी कोरडी पडले. काकू अनवाणी आत उतरल्या, बोटांनी चाचपत तळाचं भोक शोधलं. अस्तर कापून उचललं, खालचं बीळ दगड आणि सिमेंटनं बुजवलं. ते वाळल्यावर कापलेल्या जागी दुहेरी ठिगळ चिकटवलं. मग वर येऊन ओट्यावर बसल्या. अंगणात कोणीच नव्हतं. सासऱ्यांसाठी काढून ठेवलेलं एक पिंप तेवढं दाराशी होतं. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या.

तेवढ्यात फाटक वाजलं. इस्त्रीवाली. दोन्ही बादल्या काठोकाठ, वर धुतलेली फडकी बांधलेली.

"अगं, तू थेंबही वापरला नाहीस?"

"दुसऱ्याचं पाणी. घशाखाली कसं उतरणार?" तिनं फडक्यातून पाणी माझ्यात ओतलं. "आणि ते पन्हळीचं तेवढं बघा. भिंत पडली तर मी तुमच्याच घरी राहायला येईन."

काकू हसल्या, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. तिच्यामागून बाकीचे आले. सगळं पाणी परत आलं असं नाही. एका घरानं त्या पाण्यानं मोटारसायकल धुतली. काकूंनी त्यांचं नाव कधी काढलं नाही. पण मी अर्ध्याच्या वर भरले, आणि पाऊस येईपर्यंत सासऱ्यांचा पेला रिकामा राहिला नाही.

पन्हळ दुरुस्त झाली. आता गल्लीत बऱ्याच अंगणांत झाकणं दिसतात. प्रत्येक टाकीचं अस्तर काकूंच्या देखरेखीखाली बसलेलं. त्या आता थकल्यात. खुर्ची टाकून बसतात आणि चपला घालून खड्ड्यात उतरणाऱ्यावर ओरडतात. मी मोजकीच माणसं पाहिली, झाकणाएवढ्या फटीतून. पण पाण्यासारखंच कुणाचं नावही गळू न देणारी बाई मला लाभली, यात मी भरून पावले.

तुमच्या छपरावरून पाणी वाहून जाताना दिसलं, तर त्याला थांबायला जागा द्या. आम्हाला फार लागत नाही. चांगलं अस्तर, घट्ट झाकण. आणि शेजार? भांडखोर असला तरी चालेल.