कुलवृत्तान्ताची मोकळी प्रत

बांधलेला शब्द दुर्बळाचेही रक्षण करतो. तो मोकळा झाला की ज्याच्या हाती अधिकार, त्याच्या मर्जीवर दुर्बळाचे असणे उरते. मग मोकळा करणाऱ्याचा हेतू कितीही निर्मळ असो.

मुलुंडचे मधुकरराव घराण्याच्या कुलवृत्तान्ताचे संपादक. मागील आवृत्ती छापणारे मुद्रणालय बंद पडले होते. उरली होती केवळ पीडीएफ, आणि तिच्यात नवे जन्म, नवे विवाह घालता येत नव्हते. तिची वर्ड फाइल करण्याचे काम त्यांनी पुतणी गंधालीवर सोपवले. गंधाली घाटकोपरला आईजवळ राहते. तिची आई कुंदाताई यांनी मधुकररावांच्या धाकट्या भावापासून घटस्फोट घेतला, त्याला बरीच वर्षे लोटली. जुन्या आवृत्तीत मात्र त्या या घराच्या सून म्हणून माहेरच्या नावासह नोंदलेल्या होत्या.

जुन्या फॉन्टमधला मजकूर उचलला की देवनागरीऐवजी रोमन अक्षरांचा गाळ हाती येई. गंधालीने छापील पान समोर ठेवून ओळ न् ओळ पुन्हा उभी केली. आईची ओळ तिने सर्वांत आधी लिहिली.

फाइल मुलुंडला गेली आणि अखेरच्या तपासणीसाठी परत आली, तेव्हा ती ओळ नव्हती. तिने फोन लावला.

"काका, आई कुठे गेली?"

"अगं, घर सोडलेल्या सुनेची नोंद ठेवत नाहीत आपल्यात. मागचं पुस्तक घटस्फोटाआधी छापलं, म्हणून राहिली होती. तू फाइल करून दिलीस म्हणून काढता तरी आली. मोठं काम केलंस हो!"

"आजीचं अखेरचं आजारपण आईनंच काढलं ना?"

"त्याचा रकाना कुठे असतो?"

"मग माझंही नाव काढा."

"वेडी की काय! तू आमची."

शेजारी शेंगा सोलत बसलेल्या कुंदाताई हसल्या. "राहू दे गं. भाऊजींना माझ्या हातचं सगळंच अळणी लागायचं. आता पुस्तक तरी चवीनं वाचतील."

गंधाली हसली नाही. तिने स्वतःचे नाव पुसले, तसे स्पष्ट कळवले आणि फाइल पाठवून दिली. मधुकररावांनी ते नाव पुन्हा टाईप केले, पीडीएफ केली आणि छापायला दिली.

पुस्तकात आज गंधाली आहे, आईवाचून जन्मलेली.

मधुकररावांच्या हाताला पुढे तरी दया सुचो. गंधालीच्या श्रमांतला हा सल कालांतराने निवो. कुंदाताईंना दीर्घ आयुष्य लाभो, आणि लेकीचा सहवास अखंड राहो.