शिंपीणबाईंचा फोन

लहानपणी कॅन्सर होऊन बऱ्या झालेल्या पोरांना आमच्या हॉस्पिटलात दरवर्षी तपासायला बोलावतात. जी येत नाहीत त्यांच्या हात धुऊन मागे लागायचं, ही माझी नोकरी. बरी झालेली माणसं मुलखाची चुकार असतात. पण एका पोरीची तऱ्हाच वेगळी. लग्न ठरलं तेव्हा तिने मला बजावलं होतं, "मावशी, सासरी कुणाला माहीत नाही. फोन केलात तर शिंपीण म्हणून करा." मला साधी सुई ओवता येत नाही!

लग्नानंतर ती फिरकलीच नाही. आज फोन सासूने उचलला.

"कपडे तयार आहेत," मी म्हटलं.

"आता कसले कपडे बाई, सातवा महिना लागलाय तिला." सासू हसली. "पाय हे एवढे सुजलेत. चार पायऱ्या चढली की धाप लागते. आडवं झालं की जीव घाबरतो, म्हणून बसूनच झोपते. नाजूक आहे मेली."

हा नाजूकपणा नव्हता. ज्या औषधाने आम्ही तिला वाचवलं, ते कधीकधी हृदय कमकुवत करून जातं, आणि ते पुढे कितीतरी वर्षांनी कळतं. बाळंतपणात ते हृदय दगा देऊ शकतं. तिथल्या डॉक्टरलाही तिने काही सांगितलं नसणार. सासूला सांगावं तर पोरीला दिलेला शब्द मोडतो, गप्प बसावं तर पोरगीच जाते.

"तिला द्या जरा. माप विचारायचंय."

"बोला," ती म्हणाली. एवढ्यानेच तिला दम लागला.

"पोरी, ही दिवस गेल्याची धाप नाही. तुझं हृदय थकलंय. आजच्या आज ये."

"पुढच्या महिन्यात बघू, शिंपीणबाई. कपड्यांची काय घाई?"

सासू शेजारीच उभी होती तर. माझं डोकंच फिरलं.

"लपवून संसार टिकेल गं, तू नाही टिकणार. आणि बाळही नाही."

पलीकडे नुसता श्वास, ओढून ओढून घेतलेला. सांगायचं ते सांगून झालं होतं, आणि मला भयंकर भीती वाटत होती.

"आई," ती फोन बाजूला धरून म्हणाली, "या शिंपीण नाहीत. मला लहानपणी कॅन्सर झाला होता. आम्ही तुमच्यापासून लपवलं."

सासूने तिच्या हातून फोन घेतला.

"फसवलंत तुम्ही सगळ्यांनी मिळून. ते मी नंतर बघते." तिचा आवाज कापत होता. "आधी पत्ता सांगा. आणि खरा सांगा."