माझ्या दहा मिनिटांतली चार

जे वाक्य आज शाळेच्या पुस्तकात आहे, न्यायालयाच्या भिंतीवर कोरलंय आणि पोरांच्या टी-शर्टवर छापलंय, ते माझ्या धाकट्या बहिणीने लिहून घेतलं. बोलल्या अर्थात मास्तरीणबाई. पण बाईंच्या मागोमाग आमच्या बेबीचं नाव येतंच, आणि माझं येत नाही. याला बेचाळीस वर्षं झाली आणि मला ते अजून पचलेलं नाही.

बेबी आता सहासष्ट वर्षांची आहे, पण घरात बेबीच. शॉर्टहँड तिला मी शिकवलं. पेन्सिल कशी धरायची, जाड रेघ कुठे, बारीक कुठे, सगळं मी. माझ्याच ओळखीने ती आमच्या सरकारी कचेरीत लागली. त्या काळी प्रत्येक कचेरीला दोन दारं असायची, पुढचं साहेबलोकांसाठी आणि मागचं आमच्या लोकांसाठी. आम्ही दोघी रोज मागच्या दाराने आत जाऊन साहेबांची पत्रं टाईप करायचो. या दोन दारांविरुद्ध मास्तरीणबाईंची सभा ठरली तेव्हा, उद्या खटला भरायला उपयोगी पडेल म्हणून, भाषण शब्द न् शब्द उतरवून घ्यायला कचेरीने आम्हालाच पाठवलं. म्हणजे आमच्याच माणसांवर पाळत ठेवायला आम्हालाच बसवलं.

मंचाच्या खाली एक टेबल, त्यावर घड्याळ, दोघींच्या दोन वह्या. दहा मिनिटं एकीने लिहायचं, मग दुसरीने. बाई कागदावरून वाचत होत्या आणि खरं सांगते, कंटाळवाणं वाचत होत्या. माझी दहा मिनिटं चालू होती, त्यातली चार शिल्लक असताना त्यांनी चष्मा काढला, कागद बाजूला ठेवला आणि नुसत्याच बोलायला लागल्या. माझी पेन्सिल थांबली. दुखणं नाही, पेटका नाही, काही नाही. मी मान वर करून ऐकत बसले. स्टेनोने असं करायचं नसतं. सर्जनने ऑपरेशन सोडून खिडकीबाहेर बघावं तसं झालं ते. बेबीने माझ्याकडे एकदा पाहिलं, आपली वही ओढली आणि लिहायला लागली. नेमकी तेव्हाच रेडिओवाल्यांची टेप संपली, आणि दुसरी चढवेपर्यंत बाई बोलून खाली बसल्या होत्या. त्यामुळे त्या चार मिनिटांचा आवाज जगात कुठेच नाही. आहे ती फक्त बेबीची वही.

तेव्हापासून बेबी प्रसिद्ध. शाळेत पाहुणी बेबी, पेपरात फोटो बेबीचा, संग्रहालयात काचेखाली वही बेबीची. मी थांबले होते हे तिने कधी कुणाला सांगितलं नाही. कचेरीला नाही, पेपरवाल्यांना नाही, तिच्या नवऱ्यालाही नाही. हे तर मला सगळ्यात जास्त झोंबतं. निदान चहाडी केली असती तर मला उघड भांडता आलं असतं.

मागच्या महिन्यात त्या भाषणावर माहितीपट करणारी दिग्दर्शिका आली. दोघींनाही घ्यायचं म्हणाली, पण शूटिंग बेबीच्या घरी, कारण तिच्याकडे उजेड चांगला येतो. मला म्हणजे उजेडही मिळू नये. तरी मी इस्त्रीचे कपडे घालून तीन जिने चढून गेले. बेबीने खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या, खिडकीजवळची स्वतःला. कॅमेरावाल्याने ती उचलून मला दिली, तेवढ्यानेही मला बरं वाटलं. इतकी मी हलकी आहे.

बेबी चहा करायला आत गेली. दिग्दर्शिकेने वहीच्या पानांचे मोठे फोटो टेबलावर पसरले आणि सहज विचारलं, "त्या वेळी कुणाची दहा मिनिटं होती?"

"माझी," मी म्हटलं. हे खरंच होतं.

"म्हणजे हे तुम्ही लिहिलंय?"

बेचाळीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "हो."

"पण वहीवर बेबीताईंचं नाव आहे."

"घाईत कुणाची वही कुणाच्या हातात, कोण बघतं," मी म्हटलं. खोटं बोलणं एवढं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं. दिग्दर्शिकेचे डोळे असे चमकले की जणू तिला खजिनाच सापडला. तेवढ्यात बेबी ट्रे घेऊन आली. दिग्दर्शिकेने तिला सरळ विचारून टाकलं, "ताई म्हणतात, हे अक्षर त्यांचं आहे?"

बेबीने ट्रे खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं, अगदी त्या दिवशी पाहिलं होतं तसं. म्हणाली, "ताई म्हणते तर असेल."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चोरी मी केली आणि मोठेपणा परत हिच्याच पदरात.

"मग तुम्हीच वाचून दाखवा," दिग्दर्शिका मला म्हणाली, "आवाज नाहीच आपल्याकडे."

आता पंचाईत झाली. शॉर्टहँड शिकवलं मी, पण त्या सभेपर्यंत बेबीने स्वतःच्या हजार खुणा बनवल्या होत्या. ज्याची त्यालाच लागते ती लिपी. मला दोन शब्द लागले, तिसरा लागेना. कॅमेरा चालू होता. मी पानावर नजर ठेवली आणि पाठ असलेलं म्हणायला लागले.

पाठ होतंच. छापील भाषण मी कधी वाचलेलं नाही, हट्टानेच. मला आठवत होत्या त्या बाई. "मला भाषण येत नाही, मी पोरांना बेरीज शिकवते," इथे त्या जरा हसल्या होत्या. मग त्यांना खोकला आला होता. मग किती वेळ गप्प. मी सगळं तसंच केलं. पानावरची नजर कधी उठली ते मलाच कळलं नाही. आणि शेवटचं ते वाक्य. ते आजकाल सगळे घोषणेसारखं ओरडून म्हणतात. बाई ओरडल्याच नव्हत्या. मागच्यांना लाउडस्पीकरवर मोठं ऐकू आलं असेल, आम्ही पायाशी होतो. एखाद्या आजारी मुलाला सांगावं तसं त्या हळू बोलल्या होत्या. मीही हळूच म्हटलं, "तुम्ही आम्हाला मागचं दार दाखवलंत. आम्ही तिथून येणार नाही. पुढचं उघडायला तुम्हाला वेळ लागणार असेल, तर आम्ही पायरीवर बसतो. आम्हाला घाई नाही. पण आम्ही उठणारही नाही."

बेबी रडत होती.

"अशा बोलल्या त्या?" ती म्हणाली. "हळू?"

"तू तिथेच होतीस की."

"होते ना. मी लिहीत होते." तिने नाक पुसलं. "कान एका शब्दावर, हात मागच्या शब्दावर. बाई काय म्हणाल्या ते मला दुसऱ्या दिवशी टाईप करताना कळलं, ताई. कागदावरून. शाळेत पोरं विचारतात, ऐकताना कसं वाटलं, तेव्हा मी बनवून सांगते. तुला कितीदा विचारलं मी, तू एकदाही सांगितलं नाहीस. इतका हेवा वाटायचा मला तुझा."

विचारलं होतं तिने. तिच्या लग्नाआधी विचारलं होतं, आमची आई गेली त्या वर्षी विचारलं होतं, दवाखान्याच्या बाकावर बसून विचारलं होतं. दर वेळी मी म्हटलं होतं, काय ते तुझ्या वहीत बघ. नाव तुझं, तर निदान हे तरी माझ्याकडे राहू दे, असं माझ्या मनात असायचं. तेवढ्या एकाच गोष्टीत मी तिच्यापेक्षा श्रीमंत होते.

आणि आता हेव्यातही ही माझ्या बरोबरीला येऊन बसली होती.

दिग्दर्शिका हलक्या आवाजात म्हणाली, "मग अक्षर नक्की कुणाचं समजायचं?"

कॅमेरा माझ्यावर होता. आयुष्यभर तो माझ्याकडे वळावा म्हणून मी वाट पाहिली होती. मी म्हटलं, "हिचं. माझी दहा मिनिटं होती, मी पेन्सिल खाली ठेवली आणि ऐकत बसले. हिने लिहिलं नसतं तर आज काहीच उरलं नसतं. मघाशी मी खोटं बोलले."

"ताई, हे कशाला सांगतेस," बेबी म्हणाली. "तुझं नाव जाईल."

"जाऊ दे. होतं कुठे."

चहा निवून गेला होता. बेबीने खुर्ची माझ्या जवळ ओढली, हात मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "पुन्हा म्हण. चष्मा काढला तिथून."

मी म्हणायला लागले. जड गेलं, खोटं कशाला सांगू. प्रत्येक वाक्य तिला देताना वाटत होतं, आता हेही हिचं झालं. तरी मी एकही गाळलं नाही.