मोबाईलातली चतुराबाई

मी चौथी शिकलेली बाई, पण आसेगावात वांग्याच्या गोष्टीत माझ्यापुढं कोणी तोंड उघडत नाही. दरवर्षी दोन झाडांवरची चांगली वांगी मी तोडत नाही. पिवळी होऊ देते, बी राखेत घोळून वाळवते आणि बायांना मूठ मूठ वाटते. फुकट. त्या मुठीमुळंच गावात माझा शब्द चालतो. तो शब्द औंदा एका मोबाईलनं खाल्लाच होता.

बाजाराच्या दिवशी सकाळीच माझी धाकटी जाऊ हौसाबाई दारात उभी राहिली. एका हातात मोबाईल, एका हातात बियाचा चकचकीत पुडा.

"जाऊबाई, मोठ्या बेइमान निघाल्या तुमी! आमाले राखेतलं बी देता अन् सोता पुड्यातलं लावता?"

"सकाळी सकाळी भांग घेतली का वं?"

तिनं व्हिडिओ मधातूनच चालू केला. त्यात मी होते. माझंच कुंकू, माझ्याच सुरकुत्या. तोंड हालत होतं आणि माझ्याच आवाजात सांगत होतं, "घरचं बी आता सोडा बायांनो. पवनच्या दुकानातला पुडाच घ्या, मी तोच लावते."

बाया उद्या रोपं टाकणार. तो पुडा कसा निघेल देव जाणे, पण नाही उगवला तर शिव्या मला बसणार.

नात निकिता वाशीमला कॉलेजात शिकते, तेव्हा घरीच होती. तिनं पाहिलं आणि तिचं तोंड उतरलं. "आजी, मी मागच्या साली तुह्या वांग्याचा व्हिडिओ टाकला होता ना, त्याच्यावरूनच बनवला कोनं तरी. आजकाल एक फोटो अन् जरासा आवाज असला का मशीन कोनालेही बोलवते."

"मंग त्या मशीनवाल्यालेच विचारू," मी म्हटलं, आणि पदर खोचून निघाले.

पवन आमच्या भावकीतला. त्याच्या दुकानापुढं बायांची ही गर्दी. मला पाहून तो हसला. "या मोठी माय! तुमच्या शब्दावर अर्धे पुडे गेले."

"मी कवा बोलली रे?"

"चेहरा तुमचा, आवाज तुमचा. आता फिरता काहून?"

बाया माझ्याकडं अशा पाहू लागल्या की जणू मीच त्यांच्या ओटीत दगड टाकले. तेवढ्यात निकिता पुढं झाली. म्हणाली, माझ्या मोबाईलात एक ॲप आहे, आवाज माणसाचा की बनवलेला ते सांगतं. तिनं व्हिडिओचा मधला तुकडा त्याला ऐकवला. ॲप म्हणालं, माणसाचा आवाज, एक्क्याण्णव टक्के.

"आता माहा आवाज घे," मी म्हटलं, आणि मोबाईलात तोंड घालून ओरडले, "पवन्या, तुह्या पुड्याइले कीड लागो!"

ॲप जरा वेळ गरगर फिरलं आणि म्हणालं, आवाज बनावटी असण्याची दाट शक्यता.

सारा बाजार हसला. पवन तर गल्ल्यावर डोकं टेकवून हसला. "मोठी माय, मशीननं तुमालेच नकली ठरवलं!"

"आजी, याले आपली बोली कोनं शिकवली नसन," निकिता पुटपुटली. मी म्हटलं, "मंग निस्तं कान घेऊन कायले फिरते हे?"

तेव्हा मिरच्या विकणारी ललिताबाई उठली. म्हातारी आहे, पण कानाची पक्की. "पोरी, पुरा लाव तो व्हिडिओ. सुरुवातीपासून."

"सुरुवातीले निस्तं नावगाव हाय, मावशी," पवन घाईनं म्हणाला. "ते कोन आयकते?"

"मी आयकते."

निकितानं लावला. "नमस्कार, मी चतुराबाई," आणि पुढं त्यांचं नाव. आमच्या मालकाचं. सरळ, स्वच्छ, आडनावासकट.

हसणाऱ्या बाया एकमेकींकडं पाहू लागल्या.

आता हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. लग्नाला एक्कावन्न वर्षं झाली, ते नाव मी तोंडातून काढलेलं नाही. बँकेत पासबुक पुढं करते. मुलाच्या लग्नात आठ बायांनी दार अडवून उखाणा मागितला, तर मी मागच्या दारानं आत गेले. त्यांना दवाखान्यात भरती केलं तेव्हा सिस्टरनं पेशंटचं नाव विचारलं. मी म्हटलं, "आत झोपले हायेत, त्याईलेच विचारा." मी इथंही लिहिणार नाही.

"हे चतुरा नव्हं!" ललिताबाईनं टाळी वाजवली.

हौसाबाईनं आपला पुडा गल्ल्यावर आपटला. "जाऊबाई खोटं बोलतीन, भांडतीन, मानलं. पन नाव? जीव गेला तरी नाई घेनार!"

माझ्या बाजूनं ती आयुष्यात पहिल्यांदा बोलली, तेही असं.

पवनचा चेहरा पाहण्यासारखा होता. "रेशन कार्डावरून उतरवलं वं मोठी माय. तुमच्या घरात जेवलो, खेळलो, पन हे ध्यानातच नाई आलं."

"कायले येईन? तू बाप्या मानूस."

पुडे परत येऊ लागले. मी पवनला तिथंच उभं केलं आणि निकिताला व्हिडिओ काढायला लावला. "आता तुह्या तोंडानं सांग का चतुराबाई असं बोलली नाई. अन् मानसासारखा मधात दम घे, नाईतर लोक म्हनतीन हाही बनवेल हाय." त्यानं तीन वेळा दम घेतला. उरलेल्या बाया माझ्या मागं मागं घरी आल्या आणि मूठ मूठ बी घेऊन गेल्या.

आमचे मालक लिंबाखाली बाजेवर चहा पीत होते. निकितानं हसत हसत त्यांना सारं सांगितलं आणि व्हिडिओ लावला. नाव आलं तशी त्यांची बशी हातातच राहिली.

"पुना लाव," ते म्हणाले.

तिनं पुन्हा लावला. मग मोबाईल त्यांनीच घेतला. निस्ती सुरुवात ऐकत, पुढचं वांग्याचं येऊ देत नव्हते.

"बंद करा ते मेलं," मी आतून म्हटलं.

"एकदा तू म्हन, मंग बंद करतो."

मी भांडी घासायला घेतली, जरा जोरातच. संध्याकाळी मोबाईलची बॅटरी संपली आणि अंगण शांत झालं. ते बाजेवरून इकडं तिकडं पाहत होते, पण मागायची हिंमत नव्हती.

चार्जर मीच नेऊन दिला. नाव मात्र घेतलं नाही.