वल्हांडणाचा प्याला

मी चांदीचा प्याला बोलतोय. अंगाला पोचे आलेत, आवाजाला नाहीत.

सोनाराने माझ्या काठाखाली इब्री अक्षरांत ‘वल्हांडणासाठी’ असं कोरलं. जागा उरली, म्हणून मला गोल फिरवत तेच आणखी दोनदा कोरलं. सोनार कामाला चोख. रिकामी जागा त्याला बघवत नसे.

माझं पहिलं घर एका यहुदी घड्याळजीचं. वल्हांडणाच्या संध्याकाळी मला कपाटातून काढत. पूर्वज मिसरातल्या गुलामगिरीतून सुटले, त्याची ती आठवण. भाकरीला खमीर नसे, कारण पीठ फुगेपर्यंत थांबायला पळणाऱ्याला सवड कुठली? मला काठोकाठ द्राक्षारसाने भरत, पण तोंड कुणीच लावत नसे. मी एलीया संदेष्ट्याचा प्याला. तो येईल, म्हणून दारही उघडत. सत्तावीस वर्षं तो आला नाही, पण त्या घरात त्याला कुणी नावं ठेवली नाहीत. उशिरा येणाऱ्या पाहुण्याबद्दल लोक काय बोलतात ते मी पुढे ऐकलं, तेव्हा त्या घराचं मोठेपण कळलं.

शेजारी शिवणकाम करणारी एक ख्रिस्ती बाई राहायची. सगळे तिला आत्याबाई म्हणत. घड्याळजीला दोन पेट्या घेऊन देश सोडावा लागला, तेव्हा त्याच्या आईने मला आत्याबाईच्या हातात ठेवलं.

“जसा आहे तसा सांभाळ गं. पण कपाटात कोंडू नकोस, भरत जा.”

“तुम्ही आलात की असाच परत देईन,” आत्याबाई म्हणाली.

भरायचा तर कुठे? तिने मला चर्चला प्रभुभोजनासाठी, म्हणजे सगळ्यांनी एकाच प्याल्यातून द्राक्षारस घ्यायच्या विधीसाठी, वापरायला दिलं. सत्तावीस वर्षं एकाचाही ओठ लागला नव्हता. पहिल्याच रविवारी अख्खी मंडळी लागली, मिशांसकट.

पुढे चर्चला नवे चिटणीस आले. त्यांना माझी अक्षरं खुपली. पाळकसाहेब भिडस्त. मला कागदात गुंडाळून अक्षरं घासायला एका सोनाराच्या दुकानात पाठवण्यात आलं. कानस चालू झाली. एक अक्षर गेलं, आणि कुणकुण लागलेली आत्याबाई बोटात अंगुस्तान तसंच ठेवून दुकानात शिरली. तिने मला उचललं आणि थेट कमिटीच्या बैठकीत टेबलावर आदळलं. एक पोचा त्या दिवसाचा.

“आत्याबाई, चर्चमध्ये परक्यांची अक्षरं कशाला?” चिटणीस म्हणाले.

“परक्यांची? प्रभू शेवटच्या संध्याकाळी शिष्यांना घेऊन माडीवर जेवायला बसला, ते काय वाढदिवसाला? वल्हांडणालाच ना?”

“हो, पण...”

“त्याला देवाचा कोकरा म्हणता. वल्हांडणाला कापत तोच कोकरा ना? पवित्र आत्मा उतरला तेव्हा माणसं शहरात जमली होती ती कशाला? वल्हांडणानंतर पन्नासाव्या दिवसाचा तो सण यहुद्यांचाच होता. काय काय घासणार आहात, चिटणीस?”

“ती सगळी सावली होती,” चिटणीस शांतपणे म्हणाले. “मूळ वस्तू आल्यावर सावलीचं काय काम?”

मला कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. मी कुणाची सावली नाही. घड्याळजीचं घर कुणाची प्रस्तावना म्हणून जेवायला बसत नव्हतं. ते आपल्या सुटकेसाठी बसत होतं. तुम्ही त्याच ताटावर बसून मोठे झालात, तर निदान ताटावरचं नाव खरवडू नका.

“मी शब्द दिलाय,” आत्याबाई म्हणाली. “ती माणसं आली तर ओळखतील कशावरून?”

पाळकसाहेब खाकरले. शेवटी ठराव झाला: अक्षरं घासू नयेत, मात्र मंडळीला दिसणार नाहीत अशा बेताने ती भिंतीकडे फिरवून ठेवावीत. चिटणिसांनी झोकात सही ठोकली. टेबलावर मी समोरच उभा होतो, पण मला बघून घ्यावं असं एकाच्याही डोक्यात आलं नाही.

रविवारी पाळकसाहेबांनी मला फिरवलं. मग आणखी थोडं. मग पूर्ण. समोर पुन्हा वल्हांडणच. पहिल्या रांगेत आत्याबाईने रुमालात तोंड लपवलं. ती प्रार्थना करत नव्हती.

चिटणिसांची पाळी आली. त्यांनी मला हातात घेतलं, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, आणि डोळे मिटून माझ्या काठाला ओठ लावले.

प्रभुभोजन असलं की आत्याबाई अजूनही चर्चचं दार उघडं ठेवते. गार वारा येतो म्हणून मंडळी कुरकुरते. कुरकुरू द्या. माझं एकच अक्षर गेलंय. घड्याळजीची माणसं मला ओळखतील. दार मात्र लावू नका.