फ्रीजमागचा कॉक

घरात कुणाला काय सोसतं नि काय नाही, हे डॉक्टरच्या आधी आपल्याला कळतं असा थोरलीचा समज होता, आणि तीस वर्षं स्वयंपाकघर तिच्याच हातात असल्यामुळं तो खोडून काढायच्या भानगडीत कुणी पडलंही नव्हतं. म्हणून धाकटी जाऊ आजारी पडली, औषधांनी तिचं तोंड आतून सोलून निघालं आणि ती दिवसभर बर्फाचे खडे चोखत पडून राहू लागली, तेव्हा थोरलीनं एका दुपारी फ्रीजमागं हात घालून आइसमेकरच्या पाण्याचा कॉक बंद करून टाकला. गारानं खोकला वाढेल, एवढंच तिच्या मनात. बर्फ पडायचा थांबला, तशी ती धाकटीला नि दिराला म्हणाली, यंत्र बिघडलंय.

"जाऊबाई, झालं का हो दुरुस्त?" धाकटी विचारायची.

"उद्या येतोय माणूस."

"चालत येतोय की लोळत?" म्हणून धाकटी हसायची, आणि हसताना तोंड चरचरलं की डोळे मिटून घ्यायची.

उद्या-उद्या करता सतरा दिवस गेले, आणि अठराव्या दिवशी धाकटीच गेली. डॉक्टर नंतर सहज बोलून गेले, की बर्फानं तिला तेवढाच आराम पडला असता. ते वाक्य थोरलीच्या घशात माशाच्या काट्यासारखं रुतून बसलं. गिळवेना की काढवेना.

घरात आता ती आणि दीर, दोघंच. तीन महिन्यांनी एका सकाळी दीर म्हणाला, "वहिनी, तो आइसमेकर दाखवून घेऊ या. उद्या दहाला माणूस येतोय. मीच बोलावलाय."

थोरलीनं मनातल्या मनात हिशेब मांडला. माणूस फ्रीज ओढणार, कॉक नुसता बंद आहे हे बघणार, आणि बायको यंत्राच्या बिघाडानं नाही, वहिनीच्या हट्टापायी तळमळत गेली हे दिराला कळणार. कॉक आधीच उघडून ठेवावा, तर यंत्र सुरळीत चालणार, मग बिघडलं होतं काय, असं तो विचारणार. आता ते खरंच बिघडलेलं हवं होतं. दुपारी दीर बाहेर पडला, तसा तिनं दम लागेपर्यंत फ्रीज पुढं ओढला आणि कॉकला जोडलेली बारीक नळी पान्यानं सोडवून टाकली.

फ्रीज परत ढकलते आहे, तोच आत खडखडलं.

तिनं वरचं दार उघडलं. तीन महिने कोरड्या पडलेल्या डब्यात सहा-सात खडे होते. एक उचलून बघितला. साच्यातून निघालेल्या बर्फाला कडा असतात, याला नव्हत्या. गोलसर, गुळगुळीत, एका अंगानं किंचित खोलगट, जिभेवर घोळवून पुन्हा काढून ठेवावा तसा. तिनं सगळे मोरीत ओतून वर कढत पाणी घातलं. यंत्र थांबवायची तारेची दांडी असते, ती वर करून ठेवली. पुन्हा खडखडलं. चारदा डबा रिकामा केला, चारदा तेच. शेवटी प्लगच उपटला आणि समोर स्टुलावर बसून राहिली. आत मात्र एकेक खडा पडतच होता, सावकाश, कुणाची वाट बघायची उरली नसल्यासारखा. दीर यायच्या वेळेला ते थांबलं. तिनं प्लग लावला, पण दार उघडून बघायचा धीर तिला झाला नाही.

दुसऱ्या दिवशी माणूस आला. मागं वाकून म्हणाला, "काका, नळीच निघालीय की. पाणी नाही तर बर्फ काय आकाशातून पडणार? कॉक तेवढा कुणीतरी बंद केलाय, शहाण्या माणसाचं काम. नाहीतर घरात तळं झालं असतं."

दिरानं मोठा सुस्कारा टाकला. माणसानं फ्रीझर उघडला. डबा कोरडा ठणठणीत. त्यानं नळी जोडली, कॉक सोडला, "काकू, पहिला घाणा टाकून द्या, पुढचा वापरा," म्हणाला आणि गेला.

थोरली सुटली होती. तिचं खोटं खरं होऊन बसलं होतं, वर शहाणपणाचा शिक्काही मिळाला होता. पण जेवायला बसल्यावर घास काही उतरेना. ताट सरकवून ती म्हणाली, "भाऊजी, बिघडलं काही नव्हतं. ती मागत होती तेव्हा कॉक मी बंद केला. नळीही काल मीच काढली."

दिरानं हातातला घास ताटात ठेवला. त्याला राग आला नव्हता. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग तेवढा हळूहळू उतरत गेला.

"म्हणजे खरंच आहे तर," तो म्हणाला. "ती म्हणाली मला. जाऊबाईंनी बंद केला, पण माझ्या भल्यासाठीच, त्यांना विचारू नका, जिवाला लावून घेतील."

तीन महिन्यांत पहिल्यांदाच थोरलीला रडू फुटलं. रडता रडताच एकदम थांबून तिनं विचारलं, "मग तेव्हाच उठून कॉक का नाही उघडलात?"

"तेव्हा नाही हो सांगितलं," दीर म्हणाला. "या सोमवारी सांगितलं. म्हणून तर माणूस बोलावला." त्यानं स्वतःचंही ताट हळूच बाजूला केलं. "नळी निघालेली बघून किती बरं वाटलं होतं मला."