वाघर कुठं लावायची

शेळगावच्या म्हस्कूआबांनी मेंढरं विकली त्याला चौदा वर्षं झाली. मग ठिबक आलं, ऊस आला. पहिला ऊस माणसाच्या दुप्पट उंच झाला होता. गेल्या वर्षीचा जेमतेम डोक्याला लागला. रानाच्या खालच्या कोपऱ्यावर क्षाराचा पांढरा थर धरला होता.

सून रोहिणीचं मागणं एकच होतं: दोनपैकी एक एकर यंदा उसाला द्यायचं नाही. त्यात लेंडीखतासाठी रात्री मेंढरं बसवायची, मग ताग पेरून तो मातीत गाडायचा. सातबारा आबांच्या नावावर, त्यामुळं शब्दही त्यांचाच. आबांनी महिनाभर विचार केला. शेवटी म्हणाले, "बिरदेव कोकणातनं परत येतोय. बसू देत त्याची मेंढरं. तागाचं मात्र मागनं बघू. न्हाय पटलं तर जुलैत ऊसच."

मेच्या अखेरीस, ऊन उतरताना, भाचा बिरदेव दोनशे मेंढरं घेऊन आला. मेंढरं कोंडायची जाळी, म्हणजे वाघर, त्यानं घोड्यावरून उतरवून बांधावर टाकली.

"मामा, वाघर कुठं लावायची?"

"मालकाला इचार," आबा सवयीनं बोलून गेले.

बिरदेव खदाखदा हसला. "कुणाला? त्या म्हशीला? मालक तुमीच की!"

रोहिणीनं तोंडाला पदर लावला. आबाही ओशाळून हसले. अर्धं आयुष्य त्यांनी हा प्रश्न परक्यांच्या बांधावर उभं राहून विचारला होता. समोरचा मालक क्षणभरही न थांबता बोट दाखवायचा. माती कुठं उपाशी आहे, ते त्याला ठाऊक असायचं.

आबांना बोट दाखवता येईना. चौदा वर्षं पाणी आणि खत नळीतून गेलं होतं, नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरनं झाली होती.

"रस्त्याकडंला लावू, आबा," रोहिणी म्हणाली. "चार लोकांना दिसंल तरी."

"लोकांसाठी बसवायचीत व्हय मेंढरं? थांब जरा."

त्यांनी वहाणा काढल्या आणि ते रानात शिरले. मध्यावर ढेकळं टोचली. खालच्या कोपऱ्यात तळवे चिकटले. तिथं उकिडवं बसून त्यांनी चिमूटभर माती जिभेला लावली आणि थुंकली.

"हितं! तीन दिस हितंच. मग धा पावलं वर."

"मालक झाल्या झाल्या हुकूम सुटले," बिरदेव म्हणाला. "वैनी, जेवाय काय?"

"पिठलं. मटण चौथ्या दिशी."

चौथ्या दिवशी सकाळी आबांनी स्वतः खुंट उपटले, अनवाणीच दहा पावलं मोजली आणि वाघर हलवली. मग चहा घेऊन आलेल्या रोहिणीला विचारलं, "तागाचं बी निमगावच्या बाजारात मिळंल का गं?"

"घरात हाय, आबा," ती म्हणाली. "पाडव्यालाच आणलंय."